वेप ओढल्याने शुगर वाढते का? भावाला टाइप १ आहे

शाहूपुरीची ताई

नमस्कार मंडळी, साताऱ्यातून लिहितेय. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून त्याला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, टोचून घ्यावं लागतं. रात्री बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) आणि प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिनचं पेन, असं चालतं. एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आहे. पावसाळ्यापर्यंत शुगर बऱ्यापैकी ताब्यात होती. दिवाळीनंतर मात्र सकाळची फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) २२०, २४०, कधी त्याच्याही वर. जेवण तेच, डोस तोच. आईला वाटतं हा बाहेर चोरून गोड खातोय. घरात कुणी कंदी पेढे आणले की ती त्याच्याकडे बघते आणि तो ताटावरून उठतो.

मागच्या आठवड्यात त्याच्या बॅगेत मला वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं. म्हणाला, "ताई, सिगारेट सोडली म्हणून हे घेतलं. यात तंबाखू नाही, नुसती आंब्याच्या वासाची वाफ आहे." पुण्यातल्या मित्राकडून मागवतो. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. या वस्तूवर बंदी आहे, सांगितलं तर पोलिसांची भानगड होईल, अशी त्याला भीती आहे.

मला एवढंच कळून घ्यायचंय, की याने शुगर खरंच वाढते का? आणि त्या गोड वासाच्या द्रवात साखर असते का? त्याला ओरडून झालंय, त्याने काही होत नाही. नीट माहिती हातात असली तर तो ऐकेल.

पेन नि पट्टी

ताई, मीही टाइप १, सांगलीची. उत्तर जाणकार देतीलच, पण आईंना आधी सांगा की शुगर वाढली म्हणजे पोराने काही खाल्लंच असं नसतं. ताप, ताण, झोप न होणं, पाळी, शिफ्ट बदलणं, जुनं झालेलं इन्सुलिन, कशानेही वाढते. प्रत्येक वाढलेल्या आकड्यामागे "काय खाल्लंस?" हा प्रश्न आला की आम्ही आकडे दाखवणंच बंद करतो. घरी खोटं सांगायची सवय तिथूनच लागते.

मिरजेचा फिजिशियन

थोडं सविस्तर लिहितो.

वेपच्या द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. गोडवा ग्लिसरीनचा आणि कधी सुक्रालोजसारख्या कृत्रिम गोडीचा. फुफ्फुसावाटे जाणारं ग्लिसरीन इतकं थोडं असतं की त्याने सकाळची शुगर २४० होणार नाही. तेव्हा आंब्याच्या वासातून साखर अंगात जातेय, ही शंका मनातून काढून टाका.

खरा प्रश्न निकोटिनचा आहे. निकोटिन रक्तात पोचलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. ॲड्रिनलिन यकृताला साठवलेलं ग्लुकोज बाहेर काढायला लावतं. त्याच वेळी चरबीतून फॅटी ॲसिड रक्तात येतात आणि त्यामुळे स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. म्हणजे एकीकडून साखर रक्तात येते आणि दुसरीकडे ती वापरली जात नाही. निरोगी माणसाचं स्वादुपिंड लगेच जास्त इन्सुलिन सोडून हे सावरून घेतं. तुमच्या भावाचं स्वादुपिंड ते करू शकत नाही. त्याच्याकडे पेनमधून गेलेले युनिट आहेत तेवढेच.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निकोटिन थेट शिरेतून देऊन पाहिलं होतं. टाइप २ च्या (इन्सुलिन बनतं पण नीट लागू पडत नाही अशा) रुग्णांची इन्सुलिनला मिळणारी दाद लगेच कमी झाली, निरोगी लोकांत तसं झालं नाही. तिथे धूर नव्हता, डांबर नव्हतं, फक्त निकोटिन होतं. "तंबाखू नाही, नुसती वाफ" याला माझं उत्तर हेच आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. निकोटिनने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पोटात किंवा मांडीत टोचलेलं इन्सुलिन तिथून रक्तात जायला वेळ लागतो. जेवण वेळेवर आणि इन्सुलिन उशिरा, म्हणजे जेवणानंतरचा आकडा वर जातो आणि पुढे नको त्या वेळी खाली येऊ शकतो.

तरीही सगळं खापर वेपवर फोडू नका. दिवाळीनंतर आणखी काय बदललं ते बघा. नाइट शिफ्ट वाढली का? एकाच जागी टोचून गाठी झाल्यात का? गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट पोचत नाही. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात, त्यानेही फास्टिंग चढते. एकच कारण सापडलं म्हणून तपास थांबवायचा नसतो.

हळदबाजार

मी सांगलीचा, टाइप २, वय ५१. मुलाच्या मित्रांच्या नादाने काही महिने वेप ओढलं. दंडाला शुगर मोजणारा सेन्सर लावलेला होता, म्हणून मोबाइलवर आलेख दिसायचा. दुकानात रिकाम्या पोटी बसून ओढत राहिलो की तासाभरात शुगर २०-३० ने चढलेली दिसायची. काही खाल्लेलं नसायचं. सोबत चहा असला तर आणखी. आता बंद आहे.

मिरजेचा फिजिशियन

@हळदबाजार, नोंद मोलाची आहे, पण चहात साखर किंवा दूध असेल तर ती वाढ चहाची. सकाळी रिकाम्या पोटी काही न करताही अनेकांची शुगर थोडी चढते. शिवाय एका माणसाच्या आलेखावरून सगळ्यांचा नियम करता येत नाही. काहींना वेपनंतर आकड्यात फरकच दिसत नाही, तेही खरं बोलत असतात.

अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात सहा लाखांहून जास्त लोकांना विचारून झालेल्या एका पाहणीत, वेप वापरणाऱ्यांत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक जास्त आढळले. पण ती एकाच वेळी विचारलेली माहिती आहे. वेप आधी की शुगर आधी, हे त्यातून ठरत नाही. सिगारेटबद्दल मात्र पुरावा पक्का आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात सिगारेट हे टाइप २ मधुमेहाचं एक कारण आहे असं स्पष्ट म्हटलंय आणि धोका ३० ते ४० टक्क्यांनी जास्त सांगितलाय. वेप इतकी वर्षं जुनं नाही, म्हणून त्याचा तेवढा लांबचा हिशेब अजून हातात नाही.

सातारकर लेस्टरहून

इथे ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवाच सिगारेट सोडायला वेपची मदत घ्या म्हणते. निकोटिन च्युइंगम आणि पट्टीपेक्षा वेपने जास्त लोकांची सिगारेट सुटते, असे चांगले अभ्यास आहेत. माझे सासरे, टाइप २, असेच सिगारेटमधून बाहेर पडले. त्यामुळे त्या मुलाने सिगारेट सोडली याला किंमत द्या. धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या अंगात जायचं थांबलं, हे लहान काम नाही.

मेडिकलवाला सांगली

@सातारकर लेस्टरहून, तुमचं म्हणणं तिथे बरोबर आहे. तिथे निकोटिनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, बाटलीवर लिहिलेलं असतं आणि ते कुणीतरी तपासतं. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालावर "५ टक्के" छापलेलं असतं. ५ टक्के म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. २ मिलिलिटरच्या पॉडमध्ये (वेपमधल्या द्रवाच्या डबीत) १०० मिलिग्रॅम निकोटिन झालं. एका सिगारेटमधून शरीराला साधारण १ ते २ मिलिग्रॅम मिळतं. ओढलेलं सगळं अंगात जात नाही हे धरूनही हिशेब मोठा आहे. आणि छापलेलं खरं आहे का, हे कोण सांगणार?

त्यात आणखी एक. सिगारेट ओढायला माणूस उठून बाहेर जातो, एक संपली की परत येतो. पॉड खिशात असतं, वास येत नाही, गादीवर पडल्या पडल्या ओढता येतं. "झीरो निकोटिन" लिहिलेल्या मालावर तर माझा अजिबात विश्वास नाही.

सातारकर लेस्टरहून

हे मान्य. इथेसुद्धा एकदा वापरून टाकायच्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी आली, कारण शाळेतली पोरं ओढायला लागली होती. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने वेप सुरू करावं असं इथलेही डॉक्टर म्हणत नाहीत.

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडक्यात लिहितो, कारण मुलगा त्याच भीतीने गप्प आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश आला, मग डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतः ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही. पण मित्रांसाठी मागवणं, चार जणांत वाटणं हे अंगाशी येऊ शकतं, ते त्याने आजच थांबवावं.

डॉक्टरांना सांगण्याचा आणि पोलिसांचा काही संबंध नाही. रुग्णाने सांगितलेलं डॉक्टरने स्वतःजवळ ठेवायचं असतं.

मिरजेचा फिजिशियन

याला दुजोरा देतो. मी रोज दारू, मावा, गुटखा, सगळं विचारतो आणि केसपेपरवर लिहितो, ते औषध ठरवण्यासाठी. हल्ली "वेप ओढता का?" हेही विचारतो. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला पोरं खरं बोलून "नाही" म्हणतात आणि आम्ही पुढे जातो.

ताई, तुमच्या भावाने लपवलं तर काय होईल ते सांगतो. फास्टिंग २४० बघून डॉक्टर बेसल वाढवतील. त्यांच्या जागी मीही वाढवीन. मग पुढे कधीतरी पॉड मिळालं नाही, किंवा त्याने मनावर घेऊन वेप सोडलं, की शरीर इन्सुलिनला पुन्हा चांगली दाद देऊ लागतं. वाढवलेला डोस तोच राहिला तर रात्री झोपेत शुगर लो जाईल. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. २४० चा आकडा दिसतो तरी, पहाटे तीनची लो शुगर घरात कुणालाच दिसत नाही.

पेन नि पट्टी

डॉक्टर, लो आणि निकोटिन यांची गल्लतही होते ना? माझ्या कॉलेजातला एक टाइप १ मित्र वेप ओढायचा. हात थरथरणं, छातीत धडधड, घाम. त्याला वाटायचं वेप जास्त झालं, थोडा वेळ बसून राहायचा. एकदा मैत्रिणीने जबरदस्तीने बोट टोचलं तर ४८ निघाली.

मिरजेचा फिजिशियन

होय, आणि हे प्रत्येक टाइप १ वाल्याने घरच्यांना सांगून ठेवावं. निकोटिन जास्त झाल्याची आणि शुगर लो झाल्याची लक्षणं इतकी सारखी आहेत की अंदाजाने ठरवूच नये. बोट टोचायचं. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. मीटर हाताशी नसेल तर लो आहे असं धरून साखर द्यायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना.

उलटीचंही तसंच आहे. निकोटिनने मळमळतं, भूक मरते. जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन झालं आणि मग जेवण गेलंच नाही, तर लो ठरलेली. आणि उलट्या होत असताना शुगर २५० च्या वर असेल तर वेपचा त्रास म्हणून घरी थांबू नका. लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) पट्टीने बघा. टाइप १ मध्ये उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही कीटोॲसिडोसिसची लक्षणं असू शकतात, त्यात तासांना महत्त्व असतं.

कराडचा ऊसकरी

आमच्याकडं ह्या वाफेचं खूळ अजून कमी हाय, पण वाचून एक इचारू का? आमची आई रोज सकाळी न् दुपारी मशेरी लावती. वय ६३. शुगर दहा वर्सं. गोळ्या वाढवत वाढवत तीन झाल्या. तिला कुणी तंबाखू खाती म्हणत न्हाय, दात घासती म्हणत्यात. मशेरीनं बी शुगर वाढती का?

मिरजेचा फिजिशियन

दादा, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. आपल्या सातारा-सांगलीत वेप ओढणाऱ्या पोरांपेक्षा मशेरी लावणाऱ्या मधुमेही बायका कितीतरी जास्त असतील, असं माझ्या ओपीडीवरून मला वाटतं. तंबाखू भाजून केलेली भुकटी म्हणजे मशेरी. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि तिथून पुढे काम तेच करतं, मग ते वाफेतून आलेलं असो, धुरातून असो की मशेरीतून. स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवायची पद्धत आहे. तिथल्या अभ्यासात ती खूप जास्त वापरणाऱ्यांत टाइप २ चा धोका वाढलेला दिसला. १९९६ च्या एका अभ्यासात निकोटिन च्युइंगम दीर्घकाळ चघळणाऱ्यांतही इन्सुलिनला मिळणारी दाद कमी आढळली होती. मशेरीने आईंची शुगर नेमकी किती वाढली हे मी इथून सांगू शकत नाही, पण तीन गोळ्यांवर चौथी चढवण्याआधी मशेरीबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि पायाकडे लक्ष द्या. मधुमेहाने नसा बधिर होतात, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. ऊसाच्या फडात अनवाणी चालून लागलेलं टोचलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही. रोज रात्री आईंचे तळपाय तुम्ही स्वतः बघा. तोंडही दाखवून घ्या, मशेरीने कॅन्सर होतो, तो वेगळा विषय झाला.

कराडचा ऊसकरी

बघतो. आजपास्नं बघतो. सोडायला सांगितलं तर डोकं धरती म्हणती, पोट साफ हुत न्हाय म्हणती.

मेडिकलवाला सांगली

दादा, त्या खोटं बोलत नाहीत, निकोटिन बंद झालं की डोकं धरतं, चिडचिड होते, पोट बिघडतं. दोन-चार आठवड्यांत उतरतं. सरकारची तंबाखू सोडण्याची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही समुपदेशन मिळतं, चौकशी करा.

शाहूपुरीची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हा धागा वाचायला दिला. त्याने सगळा वाचला, काही बोलला नाही, पण संध्याकाळी स्वतःहून म्हणाला की नाइट शिफ्टला जागं राहायला तो सतत ओढतो आणि घरी येऊन झोपण्याआधीही. गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय, या वेळी मला सोबत ये म्हणालाय. आईलाही मी समजावून सांगितलं. ती रडली, कारण इतके दिवस ती त्याला चोर ठरवत होती.

दोन शंका राहिल्यात. गुरुवारपर्यंत त्याने काय करावं? एकदम बंद करायचं तर इन्सुलिन आपण कमी करायचं का? आणि निकोटिन च्युइंगममध्येही निकोटिनच आहे, तर ते घेऊन काय फायदा?

मिरजेचा फिजिशियन

इन्सुलिन घरी बसून कमी-जास्त करू नका, डोस त्याचे डॉक्टर ठरवतील. गुरुवारपर्यंत वहीत नोंद करू द्या. शुगरचा आकडा, वेळ, काय खाल्लं, किती युनिट, कुठे टोचलं, कोणती शिफ्ट, आणि वेप कधी ओढलं. तपासण्यासाठी म्हणून मुद्दाम ओढायला नको, जे होतंय तेवढंच लिहायचं. एक-दोनदा पहाटे तीनला शुगर बघा. त्या वेळी कमी आणि सकाळी जास्त, की रात्रभरच जास्त, यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळेल. बोट टोचण्याआधी हात धुवून कोरडे करायचे. फळ किंवा गूळ हाताळलेल्या बोटाला आकडा खोटा वर येतो.

च्युइंगमचं असं आहे. त्यातलं निकोटिन हळू चढतं, मात्रा ठरलेली असते आणि काही आठवड्यांत कमी करत बंद करायचं असतं. वेपसारखं रात्री उशाशी बारा महिने नसतं. मधुमेहात ते देता येतं, शुगर जास्त वेळा बघावी लागते इतकंच. निकोटिन नसलेल्या गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

मेडिकलवाला सांगली

२ मिलिग्रॅमचं च्युइंगम दुकानात मिळतं, ४ ला चिठ्ठी लागते. साध्या च्युइंगमसारखं सारखं चघळत राहायचं नसतं. थोडं चघळून जीभ चुरचुरली की गालाच्या बाजूला दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चघळायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि पोरगं पुन्हा पॉडकडे वळतं.

पेन नि पट्टी

ताई, वेप सुटल्यावर भूक वाढते, विशेषतः नाइट शिफ्टला. डब्यात शेंगदाणे, फुटाणे, काकडी काहीतरी द्या. आणि वेपशिवाय असलेल्या पहिल्या रात्री ग्लुकोजची पुडी त्याच्या उशाशी असू द्या, मीटरही तिथेच.

मिरजेचा फिजिशियन

अगदी बरोबर. आणि सोडल्यानंतर पहिल्या वर्षात तीन महिन्यांची सरासरी थोडी वर गेली तर "सोडून काय फायदा झाला?" असं त्याला वाटू देऊ नका. ब्रिटनमधल्या टाइप २ रुग्णांच्या नोंदींत सिगारेट सोडल्यावर एचबीएवनसी, म्हणजे हीच तीन महिन्यांची सरासरी, ०.२१ टक्क्याने वाढलेलं दिसलं होतं, पुढे तो फरक राहिला नाही. भावाला टाइप १ आहे, त्याच्यात आकडे वेगळे असतील, म्हणून पहिले काही आठवडे डॉक्टरांशी फोनवर संपर्क ठेवा. गुरुवारी जाताना ती वही, मीटर आणि पेन तिन्ही सोबत न्या, आणि टोचण्याच्या जागा डॉक्टरांना हात लावून बघायला सांगा.